दोमितिलाबाईंच्या गव्हाणीतले बाळ

देवाने आमच्या मुकुरानला धुके दिले, गहू दिला, बटाटा दिला. आणि मग या डोंगरातल्या लेकरांची बोटे थंडीने आखडतात हे पाहून त्याने आम्हांला दोमितिलाबाई दिल्या. असे मी मानतो, आणि माझ्या पिढीतले सगळे मानतात. कारण आमच्यातल्या प्रत्येकाची बोटे बाईंनी आपल्या दोन तळव्यांत धरून चोळलेली आहेत. पेन्सिल नंतर, आधी ऊब. अक्षर नंतर, आधी क्रुसाची खूण. शाळा एका खोलीची, दार पूर्वेला, आणि सकाळी त्या दारातून धुके सरळ आत यायचे. मुले खिदळू लागली की बाई म्हणत, "बसू द्या त्यालाही. जागा आहे. पण त्याच्याशी बोलत बसू नका."

आमच्या डोंगरात आई लेकरालाही 'तुम्ही' म्हणते. बाई तर मेंढरालाही म्हणतात, असे पाव भाजणारी ओब्दुलिया सांगत असे, आणि ते फारसे खोटे नव्हते.

फादर खालच्या खोऱ्यातून खेचरावर बसून कधीमधी येत. बाकीच्या दिवसांत देवाचे घर बाईंच्याच हाती. पहाटे चर्चचे दार उघडायचे तर बाई. मरणाऱ्याच्या उशाशी जपमाळ म्हणायची तर बाई. नवे जन्मलेले मूल रात्र काढील की नाही अशी शंका आली, तर कपाळावर पाणी घालून त्याला देवाचे नाव द्यायला धावायच्या त्या बाईच. शनिवारी सगळी मुले त्यांच्यासमोर बसून दहा आज्ञा म्हणत, आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत एकामागून एक वेदीकडे जात, तेव्हा बाई मागे उभ्या राहून प्रत्येकाच्या नावाने ओठ हलवत. मी त्यांच्याजवळच प्रार्थना म्हणायला शिकलो. पुढे गावाने मला प्रार्थना चालवायला नेमले, तेव्हाही चाल चुकली की मी आधी बाईंकडे पाहायचो.

त्यांचे लग्न नातिविदाद बाल्साशी झाले होते. तो खेचरांचा तांडा हाकायचा. लग्नात त्याने शहरातून एक लाकडी बाळ येशू आणला, वीतभर लांबीचा, गाल गुलाबी रंगवलेला. पुढे दरड कोसळली आणि नातिविदाद खेचरांसकट तिच्याखाली गेला. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या आणि दहाव्या दिवशी बाईंनी शाळेचे दार उघडले. पदरात एकच मुलगी होती, नियेवेस. ती आईच्या बाकाशेजारी बसून वाढली, आईच्या हाताखाली शिकली, आणि मोठी झाल्यावर लहान वर्ग तीच घेऊ लागली. आईला तिच्यात आपले उरलेले आयुष्य दिसत असे.

मग डोंगरात रस्ता आला. रस्त्याबरोबर मजुरांची छावणी आली. छावणीतल्या एकाने नियेवेसला गोड शब्द दिले. रस्ता पुढे सरकला, छावणी उठली, शब्द देणारा छावणीबरोबर गेला, आणि नियेवेसच्या पोटात बाळ राहिले.

मायलेकींचे बोलणे झाले तेव्हा ओब्दुलिया पाव घेऊन दारात उभी होती. ती नियेवेसची धर्ममाता. म्हणून ती आणि बाई एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. तिने ते ऐकले, आणि तिने ऐकलेले पुढे आम्ही सगळ्यांनी ऐकले.

"खाली ला व्हेगाला मावशींकडे जा," बाई म्हणाल्या. "बाळ झालं की मठातल्या सिस्टरांकडे द्या. मग परत या. तुमचा वर्ग मी सांभाळते तोवर."

"आणि बाळ?"

"सांगितलं ना. सिस्टर सांभाळतील."

"तुम्ही साऱ्या गावाची पोरं सांभाळलीत, आई. माझं एक जड झालं?"

"उद्या शनिवार आहे, नियेवेस. पोरं समोर बसतील. कुठल्या तोंडानं मी त्यांना आज्ञा शिकवू? तुम्हीच सांगा."

नियेवेस खुंटीवरच्या शालीकडे वळली.

"एकट्या या," बाई म्हणाल्या. "एकट्या आलात तर हे दार उघडं आहे."

"मग मी येत नाही."

तिने शाल घेतली आणि ती ओब्दुलियाच्या शेजारून रस्त्याला लागली. नवा रस्ता होता. तो सरळ खाली जात होता.

माझ्या माणसांनो, बाईंना कठोर म्हणू नका. ती माउली कठोर नव्हती. देवाची अब्रू आपल्याला राखायची आहे असे तिला मनापासून वाटत होते. देवाने हे काम आपल्याला दिलेले नाही, हे तिला कोणी सांगावे? सांगू शकणारे सगळे तिचेच विद्यार्थी. त्या शनिवारी बाईंनी आज्ञा शिकवल्या. चौथ्या आज्ञेपाशी, आईबापांचा मान राखा इथे, त्यांचा आवाज थांबला. मुलांना वाटले, बाई खोकणार आहेत. त्या खोकल्या नाहीत. पाचवी आज्ञा त्यांनी एका मुलाला म्हणायला सांगितली.

आमच्याकडे नाताळला बाळ येशू गव्हाणीत जन्मतो आणि गवतावर निजून राहतो. नवे वर्ष लागले की प्रत्येक घर आपापल्या बाळाला उभे करते. चार जण रेशमी रुमालाची चार टोके धरतात, मधोमध बाळ; पुढे व्हायोलिन आणि चार तारांची छोटी गिटार, क्वात्रो, मागे मेणबत्त्या; घराला आणि चौकाला फेरी घालून, सगळ्यांनी त्याची चुंबने घेऊन, त्याला गव्हाणीत पायांवर उभे करतात. मग वाइन, मग केक, मग गाणी. देव उभा राहिला, आता घरातले उभे राहतील, अशी ती श्रद्धा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत हे झालेच पाहिजे. ज्या घराने टाळाटाळ केली त्याचे बाळ शेजाऱ्यांनी पळवावे. मग त्या घराने जोसेफ-मारिया आणि मेंढपाळांची सोंगे घेऊन, दारोदार विचारत, आपले बाळ शोधावे आणि सापडेल त्या दिवशी उभे करावे. ही चोरी पाप नाही. ही चोरी म्हणजे शेजार.

नियेवेस गेली त्या वर्षी बाईंनी गव्हाणी मांडली, बाळ निजवले, आम्हांला बोलावले. मी व्हायोलिनवाल्यांना घेऊन गेलो. रुमाल पसरला होता. बाईंनी बाळाखाली हात घातला, तसाच ठेवला, आणि काढून घेतला.

"आज नको," त्या म्हणाल्या. "या आता तुम्ही सगळे. केक घेऊन जा."

मेणबत्त्यांचा सण आला आणि गेला. बाळ निजलेले. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलेच नाही. त्यानंतरची तीन वर्षेही नाही. गव्हाणी आता काढतही नव्हत्या. पावसाळ्यातही बाळ तिथेच, आणि बाई रोज मऊ फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसत. खालून मात्र बातमी वर येत होती. नियेवेस मावशीकडे गेलीच नव्हती. ला व्हेगात एका खोलीत राहून लोकांचे कपडे इस्त्री करत होती. मुलगी झाली होती. ओब्दुलिया पावाच्या टोपल्या घेऊन बाजाराला उतरायची आणि परत आल्यावर बाईंच्या ओट्यावर टोपली टेकवून बसायची.

"कोमाद्रे, त्या लेकराची पाठ दुखत असेल आता."

"त्याला मी उठवणार नाही. एक लेकरू ज्या घरातून गेलं, तिथं दुसऱ्याला उभं करून गाणी म्हणायची?"

"गेलं नाही. घालवलं."

"पाव ठेवा आणि जा."

"पाव ठेवते. जाते कुठं? उद्या परत यायचंच आहे."

"उद्या येऊ नका."

"मग तुम्ही शिळा खाल. मला काय!"

पाचव्या वर्षी जानेवारीत एका रविवारी बाई चर्चमधून घरी आल्या तर गव्हाणी रिकामी. गवतात बाळाच्या अंगाएवढा खळगा तेवढा राहिला होता.

त्या चौकात आल्या तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. जोसेफ झालेला सुतार दाढी चिकटवत होता, मेंढपाळ झालेली पोरे काठ्या आपटत होती, मी व्हायोलिनवाल्यांकडून तारा जुळवून घेत होतो. बाईंनी सगळ्यांकडे पाहिले. आम्ही सगळ्यांनी आपापले जोडे पाहिले.

"हे कुणी केलं?"

"चोरानं," ओब्दुलिया म्हणाली.

"मोठी माणसं आहात. शाळेत नाही आता."

"म्हणून तर, कोमाद्रे. शाळेत असतो तर हिंमत झाली असती का?"

बाईंनी तिच्या हातातली मेणबत्ती घेतली. बाळ हरवले तर शोधायचे. हे त्यांनीच आम्हांला शिकवले होते.

पहिले घर, दुसरे घर, सगळी घरे. प्रत्येक दारात त्यांचा एखादा विद्यार्थी. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून रीतीप्रमाणे विचारत, "या घरात माझं बाळ आहे का?" आणि आतून रीतीप्रमाणेच उत्तर येई, "इथं नाही, बाई. खाली विचारा." कोणी बडीशेपेच्या दारूचा ऊन घोट पुढे करी, कोणी गव्हाची आरेपा, आमची जाड भाकरी, हातात देई, पण दार कोणी उघडीना. खाली विचारा. खाली विचारा. गाव संपले, शेते लागली. शेतातल्या घरांनीही सांगितले, खाली विचारा. दुपार कलली तशी धुक्याची कड मागे राहिली आणि आम्ही पुलाजवळच्या क्रुसाच्या छोट्या देवळीपाशी आलो. तिथून पुढे मुकुरानचे एकही घर नाही. तिथून पुढे रस्ता फक्त ला व्हेगाला जातो.

बाई थांबल्या. रस्त्याकडे पाहिले. मग ओब्दुलियाकडे पाहिले, आणि देवळीच्या दगडावर बसल्या.

व्हायोलिन थांबले. पोरांनी काठ्या टेकल्या.

"मला परत न्या," बाई म्हणाल्या.

कोणी हलले नाही. ओब्दुलिया त्यांच्याशेजारी बसली. शेवटी बाईंनीच विचारले. आवाज इतका लहान की मला पुढे वाकावे लागले.

"नाव काय ठेवलंय तिचं?"

"मला ठाऊक आहे. बाप्तिस्म्याला मीच उभी होते."

"मग सांगा."

"नाही सांगणार."

"कोमाद्रे..."

"साऱ्या गावाच्या पोरांची नावं तुम्हाला पाठ आहेत. मेलेल्यांचीसुद्धा. हे एक नाव तुम्ही जाऊन विचारा. बाळ मागाल त्याच दारात विचारा."

बाई उठल्या. मेणबत्ती विझली होती. ती कोणी पेटवून दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. त्या पुढे चालू लागल्या आणि आम्ही मागे.

ला व्हेगात ऊन होते. लोकर पांघरलेले आमचे सगळे गाव घामाघूम होऊन एका बोळात शिरले. खोलीचे दार उघडेच होते. नियेवेस टेबलाशी उभी, हातात निखाऱ्यांची इस्त्री. कोपऱ्यात खाटेवर एक मुलगी मांडी घालून बसलेली, आणि तिच्या मांडीवर, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेले बाईंचे बाळ.

"हळू बोला," ती मुलगी आम्हांला म्हणाली. "आत्ताच निजवलंय."

बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. त्यांनी रीतीप्रमाणे विचारले.

"या घरात माझं बाळ आहे का?"

नियेवेसने इस्त्री खाली ठेवली नाही. "इथं कुणी एकटं यायचं नाही, असं आहे," ती म्हणाली.

"मी एकटी नाही आले," बाई म्हणाल्या, आणि सगळ्या गावासमोर, ज्या गावाला त्यांनी गुडघे टेकायला शिकवले होते त्या गावासमोर, त्या उंबऱ्याबाहेरच्या धुळीत गुडघ्यांवर बसल्या. "देवाचं नाव घेऊन मी चुकले, नियेवेस. तुमचा मान मी राखला नाही. क्षमा मागते. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

इस्त्रीतल्या निखाऱ्यांचा चटचट आवाज ऐकू येत होता. नियेवेसने इस्त्री विटेवर टेकवली. ती रडली नाही. रडून तिचे कधीच झाले असावे.

"आत या," ती म्हणाली. "जमीन गरम आहे."

बाई आत गेल्या आणि खाटेपुढे पुन्हा खाली बसल्या, म्हणजे त्यांचे आणि त्या मुलीचे डोळे एका उंचीला आले.

"नाव काय तुमचं?"

"मार्सेलिना. तुमचं?"

"दोमितिला."

"तुम्ही ह्याला नेणार?"

"नेऊ का?"

"झोपमोड होईल." मार्सेलिनाने विचार केला. "वर खूप थंडी असते, आई म्हणते."

"असते," बाई म्हणाल्या. "फार असते." मग त्या लेकीकडे वळल्या. "इथं उभं करू का त्याला? तुमची हरकत नसेल तर."

"इथं?" ओब्दुलिया बोळातून ओरडली. "कोमाद्रे, रीत काय म्हणेल? ज्याच्या गव्हाणीतलं बाळ त्याच्याच गव्हाणीत उभं राहतं! आणि केक? पहाटे उठून भाजलेला माझा केक वर आहे!"

"रीत मला शिकवू नका. चोरी तुम्ही केलीत."

सगळा बोळ हसला. जोसेफची दाढी घामाने सुटून खाली पडली, तेव्हा पुन्हा हसला. नियेवेस मात्र हसली नाही.

"उभं करा," ती म्हणाली. "पण मी वर येणार नाही, आई. त्या घरात नाही."

"बरं."

"आज नाही असं नाही म्हणत. कधीच नाही."

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरे काही मागितले नाही.

रुमाल नव्हता, म्हणून इस्त्री केलेली कोणाचीतरी पांढरी चादर घेतली. एक टोक ओब्दुलियाने धरले, एक जोसेफने, एक नियेवेसने. चौथे टोक मार्सेलिनाने कोणाला देऊ दिले नाही. ती एवढीशी, बाकी तिघे मोठे. चादर तिच्या बाजूला उतरली आणि देवाचे बाळ घरंगळत तिच्यापाशी जाऊन राहिले. मी आवाज लावला, व्हायोलिनने साथ दिली, आणि आम्ही बोळाला फेरी घातली. "हळू चला, हळू," असे ती सगळ्या गावाला सांगत होती, आणि सगळे गाव हळू चालत होते. इस्त्रीच्या टेबलावर बाळ उभे राहिले. पाच नाताळ निजलेला देव त्या दिवशी परक्याच्या कपड्यांमध्ये, वाफेच्या वासात, आपल्या पायांवर उभा राहिला. बाईंनी त्याच्या पायांचे चुंबन घेतले. मग मार्सेलिनाच्या पायांचे घेतले. ती गुदगुल्या होऊन किंचाळली.

बाळ तिथेच राहिले. सोमवारी बाईंनी शाळा उघडली.

त्यानंतर दर शनिवारी आज्ञांचा वर्ग सुटला की बाई खाली जात; आधी पायी, मग रस्त्यावर बस आली तेव्हा बसने. रविवारच्या प्रार्थनेपर्यंत परत. लोक काही ना काही बोललेच. रीत मोडली म्हणून बोलले, आणि रीत मोडणारणीनेच आम्हांला रीत शिकवली म्हणून जास्त बोलले. बाईंनी कोणाला उत्तर दिले नाही. पुढे गावातल्या एका मुलीवर नियेवेससारखीच वेळ आली, तिचा बाप खोलीची कडी लावून आत बसला, तेव्हा बाई त्याच्या दाराशी गेल्या. "दार उघडा, क्रिसांतो. हा धडा मी तुमच्याआधी चुकले आहे." मुलीला त्यांनी आपल्या घरी ठेवले, आणि तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला स्वतः धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या. शनिवारी आज्ञा तशाच शिकवत होत्या. एकही कमी केली नाही. फक्त शिकवताना आता त्या मुलांच्या रांगेतच बसत.

नियेवेस वर आली नाही. बाईंनी बोलावले नाही. माझ्या माणसांनो, क्षमा मिळाली म्हणून सगळे परत मिळते असे नाही, हे त्या जाणून होत्या. मिळाले तेवढे त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा त्या ला व्हेगातच राहायला गेल्या. मार्सेलिना तोवर शिक्षिका होण्यासाठी शिकत होती, आणि दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकींच्या चुका काढत.

मग एका वर्षी उपवासकाळात बाईंच्या छातीत पाणी झाले. नियेवेसने त्यांना उशांवर बसवून ठेवले, भरवले, पुसले, आणि शेवटी डोळे मिटवले. आम्ही त्यांना आणायला खाली उतरलो. नातिविदादच्या शेजारची जागा त्यांचीच होती. शवपेटी उचलली, तेव्हा मी मागे पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही. पूल ओलांडला, चढ लागला, आणि तेव्हा मला मागून दोन बायकांची पावले ऐकू आली.

बाईंच्या बंद घरावरून नियेवेस तशीच पुढे गेली. त्या दाराकडे तिने मान वळवली नाही. दफनभूमीत ती मुलीला घेऊन कुंपणापाशी उभी राहिली.

आमच्याकडे माती लोटण्याआधी, प्रार्थना चालवणारा गेलेल्या माणसाला नात्यांनी हाक मारतो. जी नाती घेतली जातात, त्यांनी त्या जिवासाठी प्रार्थना करायची असते. मी सुरुवात केली. "दोमितिला सेर्पा. नातिविदाद बाल्साची पत्नी. मुकुरानच्या लेकरांची बाई." आणि थांबलो. पुढचे नाव माझ्या ओठांवर होते, पण ज्याने ते स्वतः दिलेले नाही त्याचे नाव मी कसे घ्यावे? माणसे वाट पाहत होती. फावडी वाट पाहत होती.

कुंपणापासून माणसे बाजूला सरली, आणि नियेवेस खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

"नियेवेसची आई," ती मोठ्याने म्हणाली. "मार्सेलिनाची आजी. पुढं म्हणा."

मी म्हटले. आणि बाईंनी शिकवलेल्या आम्ही सगळ्यांनी, त्यांनी शिकवलेल्या चालीवर, एका आवाजात तिच्यामागून म्हटले.